पोटातली चांदणी

रविवारी सकाळी केतकी खोलीचं दार लोटून घ्यायची आणि दीपराज त्या दाराला पाठ लावून उभा राहायचा. चोरी वगैरे काही चाललेली नसायची. केतकीला फक्त एक कॅप्सूल गिळायची असायची, तीही आठवड्यातून एकदाच. कॅप्सूल चांगली जाडजूड होती, दोन घोट पाण्यानं घशाखाली उतरायची नाही. ती पोटात पोचली की थोड्या वेळानं केतकीच्या दंडावर चिकटवलेल्या पट्टीवरचा ठिपका हिरवा व्हायचा. मग दीपराज दारापासून बाजूला सरायचा आणि स्वयंपाकघरातून मालनबाईंचा आवाज यायचा, "झाली का गं तुजी थायरॉईडची गोळी?"

"झाली, आई."

गोळी थायरॉईडची नव्हती. केतकीला एचआयव्ही होता आणि तो जन्मापासून होता. आईवडील तिला आठवत नव्हते. मिरजेजवळच्या एका संस्थेत अशाच मुलांबरोबर ती वाढली आणि रोज संध्याकाळी गोळ्या घेत घेत मोठी झाली. गोळ्या उत्तम लागू पडल्या. केतकी शिकली, जयसिंगपूरजवळच्या एका गुलाबांच्या हरितगृहात कामाला लागली, कलमांच्या विभागाची प्रमुख झाली. दीपराज तिथल्या सौरपंपांच्या बॅटऱ्या दुरुस्त करायला यायचा. पंप बिघडलेले नसले तरी यायला लागला, तेव्हा केतकीनं त्याला एका बाजूला घेऊन सगळं सांगून टाकलं. तो निघून गेला आणि बरेच दिवस फिरकला नाही. मग एक दिवस आला तो तिच्या डॉक्टरांना भेटून, हवं ते सगळं विचारून, आणि म्हणाला, "लग्नात हार गुलाबाचे नकोत हं. रोज गुलाबच बघतेस, कंटाळशील."

मालनबाईंना मात्र सांगायचं नाही असं ठरलं. दीपराजनंच ठरवलं. मालनबाईंचा थोरला भाऊ याच रोगानं गेला होता, गोळ्या गावापर्यंत पोचायच्या आधीच्या काळात. त्याला गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवलं होतं, ताटवाटी वेगळी होती. मालनबाई तेव्हा नवी नवरी. माहेरी गेल्या आणि उंबऱ्याबाहेर उभ्या राहून भावाशी बोलल्या, आत काही गेल्या नाहीत. पितृपक्षात दरवर्षी ही हकीकत त्या सांगायच्या आणि शेवटी "लई वंगाळ रोग" म्हणून डोळे पुसायच्या. ते ऐकून दीपराज म्हणाला होता, "तू औषध घेतेस, तुला काही होत नाही, मला काही होत नाही. आईला उगाच कशाला घोर?" त्या 'उगाच'वर सगळं घर उभं होतं.

आणि खरंच कुणाला काही होत नव्हतं. हा विषाणू महाचिवट असतो. ज्या पेशींनी शरीराची राखण करायची, त्यांच्यातच घुसून तो आपल्या नकला काढत बसतो. एकच औषध दिलं तर रूप बदलून निसटतो. म्हणून तीन औषधं एकत्र देतात. एकाच वेळी तीन दारं बंद झाली की त्याला हलता येत नाही. औषधाची पातळी रक्तात टिकून राहिली की विषाणू इतका कमी होतो, की तपासणीत सापडतसुद्धा नाही. असा न सापडणारा विषाणू नवऱ्याला लागत नाही, आणि बाळालाही सहसा लागत नाही. पातळी घसरली की मात्र तो जागा होतो. तो शरीरातून कधीच जात नाही, फक्त दबून असतो.

रोजची गोळी चुकायची, विसरायची, पाहुण्यांसमोर घेता यायची नाही. म्हणून अलीकडे, दोन हजार पस्तीसच्या सुमारास, ही आठवड्याची कॅप्सूल आली. पोटात गेल्यावर तिचं वरचं कवच विरघळतं आणि आतून सहा हातांची एक मऊ चांदणी उलगडते. ती जठराच्या खालच्या तोंडातून बाहेर पडू शकत नाही, इतकी पसरट असते. आठवडाभर तिथंच राहते, रोज थोडं थोडं औषध सोडते, मग तिचे सांधे विरघळतात आणि ती मुकाट्यानं निघून जाते. दवाखान्यात सगळे तिला चांदणीच म्हणायचे. तिच्या मधोमध एक बारीक चिप असायची. पोटातल्या आम्लावर चालायची आणि 'मी आहे' एवढं दंडावरच्या पट्टीला सांगायची. पट्टी ते दवाखान्यातल्या संगणकाला कळवायची.

एकच पथ्य होतं. तीन औषधांतल्या एकाला धातूंची भारी ओढ. कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम यांतलं काही भेटलं, की ते त्याला मिठी मारतं, आणि अशी जोडी आतड्यातून रक्तात जाऊ शकत नाही. रोजच्या गोळीच्या वेळी कॅल्शियम चार-सहा तासांच्या अंतरानं घेता यायचं. चांदणी तर आठवडाभर पोटात पाझरत असते, अंतर ठेवणार कुठे? डॉ. शिरगुप्पे केतकीला लहानपणापासून ओळखत होत्या. त्यांनी तिला बजावून सांगितलं, "कॅल्शियमच्या गोळ्या नाहीत, लोहाच्या नाहीत, ॲसिडिटीचं ते पांढरं औषध नाही. जेवणातलं दूधदही चालेल. लोह लागलं तर मी शिरेतून देईन." केतकीनं पाठ करून टाकलं. पथ्यपाण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तिला दिवस गेले. पहिल्या तपासणीत विषाणू सापडला नाही. डॉक्टर म्हणाल्या, "हिरवा ठिपका सांभाळ, बाळ ठणठणीत होईल." पूर्वी गरोदरपणात दर थोड्या महिन्यांनी रक्त काढायचे. आता ठिपकाच सगळं सांगतोय म्हटल्यावर सुरुवातीला एकदा आणि आठव्या महिन्यात एकदा, एवढंच ठेवलं होतं. सुया कमी झाल्या म्हणून केतकीला बरंच वाटलं. कुणाला नाही वाटणार? यंत्राला विचारलं होतं की चांदणी गिळली का आणि जागेवर आहे का. तेवढ्याचं उत्तर ते प्रामाणिकपणे देत होतं. औषध रक्तात पोचलं का, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

मालनबाईंना बातमी कळली आणि त्या बदलूनच गेल्या. आधीही वाईट नव्हत्या, पण बिनामाहेरची सून म्हणून जरा हातचं राखून असायच्या. आता त्यांनी केतकीला अक्षरशः पंखाखाली घेतलं. तिच्या केसांना तेल लावायच्या, पाय चेपायला बसायच्या. केतकी संकोचून पाय ओढून घ्यायची, तर म्हणायच्या, "पुस्तकातल्यावानी बोलतीस आन् पुस्तकातल्यावानीच लाजतीस. गप बस जरा." केतकीला आयुष्यात कुणी असं गप बसवलं नव्हतं. संस्थेत सगळ्या ताया होत्या, मावश्या होत्या, चांगल्याही होत्या. पण 'आई' हा शब्द तिनं लग्नानंतरच पहिल्यांदा तोंडात घेतला होता, आणि आता कुठे त्याला ओ यायला लागली होती.

कॅल्शियमवरून मात्र एकदा वाजलं. अंगणवाडीच्या बाई गल्लीतल्या गरोदर बायकांना कॅल्शियमच्या गोळ्या वाटून गेल्या. केतकीनं त्या हळूच परत केल्या. मालनबाईंनी ते पाहिलं.

"समद्यास्नी देत्यात, तुलाच का न्हाई?"

"थायरॉईडला चालत नाही," दीपराज मध्ये पडला.

"पलीकडच्या शोभाच्या सुनंला बी थायरॉईड हाय. ती खातीया की दोनी गोळ्या."

"हिचं वेगळं आहे, आई."

"येगळं म्हंजी कसलं?"

दीपराज फोन आल्यासारखं करून बाहेर गेला. मालनबाई केतकीकडे बघत राहिल्या आणि मग कामाला लागल्या. केतकीला वाटलं, विषय मिटला.

दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या भाकरीबरोबर तिच्यासमोर ताकाचा पेला यायला लागला. मालनबाई स्वतः घुसळायच्या आणि ती शेवटचा घोट घेईपर्यंत समोरून हलायच्या नाहीत. ते ताक मुळीच आंबट लागायचं नाही. संस्थेतलं ताक आठवूनसुद्धा केतकीचे दात आंबायचे. तिनं हरितगृहातल्या मैत्रिणींना कौतुकानं सांगितलं, की आमच्या आईंच्या हातचं ताक कधी आंबतच नाही. मैत्रिणी म्हणाल्या, हाताचा गुण असतो एकेकाचा. केतकीला ते अगदी पटलं.

आठव्या महिन्यात रक्त दिलं आणि दोन दिवसांनी डॉ. शिरगुप्पेंचा स्वतःचा फोन आला. लगेच या म्हणाल्या. त्यांच्या खोलीत संगणकाच्या पडद्यावर केतकीच्या रविवारांची रांग होती, सगळी हिरवी. शेजारी रक्ताचा अहवाल होता.

"केतकी, चांदणी घेतेस ना?"

"एकही रविवार चुकलेला नाही, मॅडम. ठिपका बघा ना."

"ठिपका मला दिसतोय. पण विषाणू हजारोंनी वाढलाय." डॉक्टरांनी अहवाल तिच्यापुढे सरकवला. "मी तुझ्यावर संशय घेत नाहीये. पण संशय न घेणारे फार कमी भेटतील, तेवढं लक्षात ठेव."

त्यांनी रक्तातली औषधाची पातळी तपासायला पाठवली. ज्याला धातूची ओढ होती, ते औषध रक्तात जवळजवळ नव्हतंच. एक दार सताड उघडं राहिलं होतं आणि उरलेल्या दोघांना विषाणू आवरत नव्हता. "म्हणजे पोटात आहे आणि रक्तात नाही," डॉक्टर म्हणाल्या. "मध्ये काहीतरी अडवतंय. काय काय खातेस सांग मला. सगळं." केतकीनं सांगितलं. भाकरी, भाजी, आमटी, दूध, ताक. आयुर्वेदिक काही? नाही. ॲसिडिटीचं? नाही. शक्तीचं पेय, बाजारातली पावडर? काहीच नाही. डॉक्टरांनी दोन्ही हातांनी कपाळ दाबलं. दीपराज खुर्चीत बसून पायानं फरशी घासत होता. आपण बायकोकडे क्षणभर संशयानं पाहिलं याची त्याला लाज वाटत होती, आणि केतकीनं ते पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिला लवकर जाग आली. पाणी प्यायला ती स्वयंपाकघरात गेली. मालनबाई तिच्याकडे पाठ करून ओट्याशी उभ्या होत्या. ताकाचा पेला समोर होता. त्यांनी कनवटीची पान-तंबाखूची चंची सोडली, चुन्याची डबी काढली, बोटानं चुना काढून ताकात टाकला आणि चमच्यानं चांगला ढवळला.

"आई, काय घालताय?"

मालनबाई दचकल्या आणि मग चोरी पकडली गेल्यासारख्या हसल्या. "बगितलंस व्हय? चुना गं. कॅल्शम, कॅल्शम म्हंत्यात ते दुसरं काय असतंय? माज्या आयनं मला असाच दिला हुता, दीप्याच्या वक्ताला. बग की कसा दांडगा निपजला."

"रोज घालता?"

"पयल्या दिसापासनं. घवाच्या दाण्यायेवढा घालावा म्हंत्यात, मी हात सोडून घालते. तुजं हाड बारीक हाय." त्यांनी पेला पुढे केला. "त्या डाक्टरनीला काय पडलंय? आय असती तुजी, तर जाऊन इचारलं असतं तिनं, माज्या पोरीलाच का न्हाई म्हून. ती न्हाई तर म्या बगायला नगं का?"

केतकीनं पेला हातात घेतला. या बाईवर रागवायला हवं, ओरडायला हवं, असं तिला कळत होतं. राग काही येईना. उलट तिला त्यांच्या कुशीत शिरावंसं वाटलं. कुणीतरी तिच्यासाठी डॉक्टरांशी भांडण काढलं होतं, मनातल्या मनात का असेना. आणि त्याच मायेनं तिच्या बाळाभोवतीची भिंत पोखरून ठेवली होती. मळमळतंय असं सांगून तिनं पेला खाली ठेवला, न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून रडली.

त्याच दिवशी केतकीनं डॉ. शिरगुप्पेंना चुन्याचं सांगितलं. "चुना म्हणजे निव्वळ कॅल्शियम," त्या म्हणाल्या. "ताकाचा आंबटपणाही तोच मारत होता. पथ्याची यादी ज्यांनी केली ना, त्यांच्या देशात कुणी चुना खात नाही. आणि मी इथली, माझी आजी पान खायची, तरी माझ्या डोक्यात आलं नाही." त्यांनी चांदणी बंद केली, दुसऱ्या जातीची औषधं इंजेक्शननं सुरू केली. विषाणू खाली यायला महिना तरी लागणार होता. तेवढे दिवस मिळाले तर बाळ सुटण्यासारखं होतं.

"आईला सांगू या आता," दीपराज घरी येताना म्हणाला.

"बाळंतपणानंतर. आत्ता त्यांना काही झालं तर?"

छातीत जळजळतं म्हणून ताक बंद केलं. मालनबाई हिरमुसल्या, पण ऐकलं त्यांनी.

तेवढे दिवस मिळाले नाहीत. वेळेच्या बऱ्याच आधी केतकीच्या पोटात दुखायला लागलं आणि पाणी गेलं. घाईघाईनं शस्त्रक्रिया करून मुलीला बाहेर काढलं. मूठभर होती, पण रडली जोरात. मालनबाईंनी काचेतून पाहिलं आणि आपल्या आईचं नाव ठेवून टाकलं, तानी. बाळाला पहिल्या दिवसापासून प्रतिबंधक थेंब सुरू झाले, ते काविळीचे म्हणून सांगितलं. अंगावर पाजायचं नाही असं ठरलं, त्यालाही काहीतरी कारण सांगितलं. एक खोटं टिकवायला किती खोटी लागतात याचा दीपराजला आता चांगलाच अनुभव आला होता. केतकीचा पान्हा काही ऐकत नव्हता. ती पदर ओला घेऊन डब्याच्या दुधाची बाटली धरायची, आणि मालनबाई पलीकडे तोंड करून पुटपुटायच्या.

महिना-दीड महिन्यानं पक्की तपासणी झाली. तानीला लागण झाली होती.

डॉक्टरांनी ते सांगितलं तेव्हा केतकी म्हणाली, "बरं." डॉक्टर समजावत होत्या, की ही पूर्वीची गोष्ट नाही, औषध नीट दिलं तर तानी शाळेत जाईल, शिकेल, लग्न करेल, म्हातारी होईल. केतकीला ते माहीत होतं. ती स्वतःच त्याचा पुरावा होती. पण दार लोटून गोळी गिळणं काय असतं तेही तिलाच माहीत होतं, आणि ते या मूठभर जिवाच्या वाट्याला तिला येऊ द्यायचं नव्हतं. आयुष्यात तिनं एवढं एकच मागितलं होतं.

आता मालनबाईंना सांगणं भाग होतं. केतकी कामावर जाणार, दिवसभर तानी आजीजवळ. थेंब वेळेवर द्यायचे तर ते कशाचे हे आजीला कळायलाच हवं. पुढच्या खेपेला दीपराज त्यांना घेऊन दवाखान्यात आला. केतकीच्या संमतीनं डॉ. शिरगुप्पेंनी दोघींच्या आजाराचं सगळं सावकाश सांगितलं. रोगाचं नाव उच्चारल्यावर मालनबाईंनी मांडीवरच्या तानीला घट्ट धरलं. दूर सारलं नाही. केतकीनं श्वास सोडला.

"माज्या दादाला हुता तो?"

"तोच. पण आता औषध आहे. तुमची सून बघा की, सत्तावीस वर्षांची आहे." डॉक्टरांनी थेंबांची बाटली दाखवली, पिचकारीनं माप कसं घ्यायचं ते दाखवलं. "आणि एक पथ्य. बाळगुटीतून काही देऊ नका. चुन्याची निवळी तर अजिबात नको. या औषधाला कॅल्शियम चालत नाही."

मालनबाई माप बघत होत्या, त्या थांबल्या. त्यांनी आधी डॉक्टरांकडे पाहिलं, मग केतकीकडे. त्यांच्या चेहऱ्यावरून रंग उतरत गेलेला केतकीनं पाहिला.

"म्या ताकात चुना घालत हुते हिच्या," त्या म्हणाल्या. आवाज अगदी बारीक झाला होता. "आठव्या म्हयन्यापत्तुर. त्यानं झालं का?"

डॉक्टरांच्या मागे पडद्यावर केतकीचे सगळे रविवार हिरवेगार दिसत होते. दीपराजनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. डॉक्टर केतकीकडे बघत राहिल्या. पेशंटची गोष्ट होती, पेशंटनंच बोलायची होती.

केतकीनं काही ठरवून ठेवलेलं नव्हतं. तिला फक्त दिसलं, की ही बाई भावाच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिली त्याचं ओझं तीस-पस्तीस वर्षं वाहते आहे. वर हे दिलं तर ती वाचणार नाही. आणि वाचली, तरी तानीला पुन्हा हात लावायची तिची हिंमत होणार नाही.

"चुन्यानं नाही झालं, आई," ती म्हणाली. "मी औषधच घेत नव्हते. मला मळमळायचं. रविवारी तोंडात धरायची आणि नंतर टाकून द्यायची. कुणाला सांगितलं नाही मी."

डॉ. शिरगुप्पेंनी हात मागे नेऊन संगणकाचा पडदा बंद केला.

मालनबाईंच्या चेहऱ्यावर आधी सुटका उमटली. अगदी थोडा वेळ, पण केतकीला ती स्वच्छ दिसली, आणि तेवढ्यापुरतं तिला बरं वाटलं. मग त्यांना ऐकलेल्याचा अर्थ कळला.

"टाकून दिलीस?"

"हो."

"पोटात लेकरू असताना?"

केतकीनं मान हलवली. मालनबाई उठल्या, तानीला पदरात घेतलं आणि खोलीबाहेर निघून गेल्या.

घरी दीपराज तिच्याशी भांडला. मी आत्ताच्या आत्ता आईला खरं सांगतो म्हणाला. केतकी म्हणाली, "सांग. मग तानीला थेंब कोण देईल? त्या हात लावतील तिला?" तो बसून राहिला. "तुझं काय पण?" त्यानं विचारलं. ती तानीच्या बाटल्या उकळायला उठली. उत्तर द्यायला बसली असती तर तिचा निश्चय टिकला नसता.

मालनबाई थेंबांचं सगळं शिकल्या. साबणानं हात धुवायच्या, चष्मा लावायच्या, पिचकारी उजेडाला धरून माप बघायच्या. वेळ कधी चुकली नाही. भावाच्या खोलीत न गेलेली ही बाई तानीचं लाळेनं ओलं तोंड स्वतःच्या गालाला लावायची, तिची बोटं चोखायची. तानी बाळसं धरायला लागली. पुढच्या तपासणीत विषाणू भराभर उतरलेला निघाला आणि डॉक्टर म्हणाल्या, आजीबाईंचं काम चोख आहे.

केतकीला मात्र त्यांनी थेंबांना हात लावू दिला नाही. "तुजा भरवसा न्हाई," एवढंच म्हणाल्या. भांडण नाही, आदळआपट नाही. ताट वेगळं काढलं नाही, जेवायला वाढायच्या, पण समोर बसायच्या नाहीत. केसांना तेल लावायला कुणी बोलवायचं नाही. केतकी 'आई' म्हणून हाक मारायची तेव्हा मालनबाई हातातलं काम करत राहायच्या.

चांदणी बंद झाली होती, केतकी पुन्हा रोजच्या गोळीवर आली होती. आता दार लोटायची गरज उरली नव्हती. सकाळी कामावर निघायच्या आधी मालनबाई स्वतः गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन तिच्यासमोर उभ्या राहायच्या. दीपराज त्या वेळी अंगणात निघून जायचा. केतकी गोळी गिळायची.

"तोंड उघड."

ती उघडायची.

"जीब वर कर."

ती जीभ वर करायची. मालनबाई जवळ येऊन, चष्मा सारखा करून, दोन्ही गालांच्या आत नीट बघायच्या. खात्री पटली की तांब्या उचलून तानीच्या खोलीत जायच्या, तिच्याशी लाडानं बोलायला लागायच्या. केतकी इकडे तशीच उभी असायची. तोंड मिटायचं तिच्या लक्षातच यायचं नाही.